शंकेची खोली

८ फेब्रुवारी १९८८

कार्डं संपली. मनोहररावांनी अकरा वर्षं एसटीनं गावोगाव हिंडून जमवलेले वऱ्हाडी शब्द आता सगळे संगणकात आहेत. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कृष्णकांतच्या क्लासमधल्या मुलींनी ते चढवले. यंत्रही कृष्णकांतचंच. मेअखेरपर्यंत उसनं. जूनमध्ये बारावी झालेल्या मुलांची बॅच सुरू होईल, तेव्हा तो ते परत नेईल आणि आतलं पुसून टाकील.

म्हणजे त्याआधी कोश फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. फ्लॉपी काळी, चौकोनी, हलवली की पापडासारखी लवते. छापखाना तीच मागतो आहे.

आज कृष्णकांतनं एकदा सगळं उतरवून दाखवलं. काहीतरी टाइप केलं, दिवा लागला, विझला. मी दिव्याकडे बघत राहिले. काय टाइप केलं ते पाहायचं राहून गेलं.

मनोहररावांनी फ्लॉपी तळहातावर घेतली.

"सगळी अकरा वर्षं?"

"पूरी. अजून थोडी जागा बाकी आहे, सर."

मनोहरराव फ्लॉपी माझ्याकडे देऊन आत गेले.

उद्यापासून माझं काम. संपादन.

१५ फेब्रुवारी

उदाहरणांची वाक्यं. मनोहररावांनी लोकांच्या तोंडून निघाली तशी टिपली आहेत. "तू कायले आला गा?" "मले उलसाक दूध दे." उलसाक म्हणजे थोडंसं. शब्द वऱ्हाडी असणारच, कोशच त्याचा आहे. पण अख्खं वाक्य तसं ठेवलं तर पुण्याच्या वाचकानं काय करायचं? मी शब्द तेवढा ठेवते आणि भोवतीचं वाक्य नीट करते. "मला उलसाक दूध दे." स्वच्छ वाटतं.

मनोहररावांना सांगितलेलं नाही. मोतीबिंदूमुळे त्यांना पडदा दिसत नाही. छापून हातात पडेल तेव्हा भिंगातून वाचतील. त्यांना बरं वाटेल.

२ मार्च

आई काटोलहून नागपूरला आली. दात काढून झाले. आता कवळी बसवायची. हिरड्या सुकेपर्यंत माझ्याकडे राहील. स्टँडवर मला पाहताच म्हणाली, "एवढी वाळली काहून वं शामे? जेवत नाही काय?"

"काहून नाही आई, का."

"का तं का. जेवत नाही का?"

रिक्षावाला हसला.

११ मार्च

आई घरी एकटी कंटाळते म्हणून तिला धंतोलीला, मनोहररावांच्या घरी, घेऊन गेले. कोशाचं काम त्यांच्या बाहेरच्या खोलीत चालतं. ती कोपऱ्यात बसून संत्री सोलत होती. आत मनोहररावांच्या सुनेनं गंज जोरात आपटला, मग तवा, मग परत गंज.

"आदयबोली चालू हाय," आई म्हणाली.

मनोहररावांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"आदयबोली. तोंडानं बोलाचं नाही. भांडे आपटाचे. समोरच्याले सारं समजते."

"कोणत्या गावी म्हणतात?"

"कोनत्या गावी कायले? आमी म्हनतो."

मनोहररावांचा नियम आहे: दोन गावांतल्या दोन तोंडी ऐकला तरच शब्द कोशात जातो. हा एकाच तोंडचा. पण सोडवत नव्हता. ते म्हणाले, "वेगळा ठेवा."

कृष्णकांत आला होता. त्यानं यंत्रात एक जागा करून दिली. "डिरेक्टरी मंजे खोली समजा, मॅडम. कोशाची ही मोठी खोली. तिच्या आत ही छोटी. नाव सांगा."

मी म्हटलं, शंका.

त्या खोलीत पहिला शब्द लिहिला. आदळबोली. आईचा य काढून ळ नीट केला.

२९ मार्च

शंकेच्या खोलीत गर्दी होऊ लागली आहे. आई काही सांगत बसत नाही. बोलता बोलता टाकते, मी टाइप करते. दोन गावांहून पत्रानं येणारे नवे शब्द कार्डावरून कोशात जातात; हिच्या शब्दांचं कार्ड करत नाही. एकाच तोंडच्या शब्दांवर कशाला कार्डं खर्च करायची.

आज पोस्टमन पाणी प्यायला थांबला. आईनं त्याला भाकरी दिली आणि स्वतःही एक तुकडा मोडून घेतला. बोळक्या तोंडानं तो किती वेळ चघळत होती. मी विचारलं, भूक नाही तर खातेस कशाला?

"सोबतघास. त्यानं एकट्यानं कसं खावं?"

लिहून ठेवला. सोबतघास: दुसऱ्याला एकट्यानं जेवावं लागू नये म्हणून घेतलेला घास.

चांगला शब्द आहे. पण तिच्याशिवाय कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

१८ एप्रिल

‘म’ पर्यंत वाक्यं नीट झाली. कवळी बसली. आईला ती आवडलेली नाही. "ह्या परक्या दातांतून माहे शब्द निंगत नाहीत," म्हणते आणि कवळी पेल्यात ठेवून बोलायला बसते. मनोहरराव तिच्यासमोर वेगळेच होतात. परवा तिला म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमी उलसाक हळू बोला." त्यांच्या तोंडी उलसाक. सवयीनं मी मनातल्या मनात वाक्य सुधारलं.

७ मे

ऊन. कूलरच्या ओल्या हवेनं यंत्र बिघडेल म्हणून कूलर दुसरीकडे वळवला आहे. म्हणजे यंत्राला वारा नाही आणि आम्हालाही नाही. वीज जाते, येते. प्रत्येक वेळी मी श्वास धरून बसते.

कोश संपत आला. ‘ह’ राहिला.

१३ मे

यंत्राचा आवाज बदलला. आधी घुमत होतं, आता मधूनच कुरकुरतं. खिडकीजवळच्या माठाखालची वाळू सरकावी तसं. कृष्णकांत धावत आला. कान लावून ऐकलं.

"हार्ड डिस्क आहे, मॅडम. चालंल तं महिनाभर चालंल. बंद पडली तं आत्ताच पडंल. कॉपी करून घ्या."

"तुम्ही करा ना."

"माही उमरेडची बस आहे. खाणीच्या ऑफिसात बाबू लोकाईले शिकवून राहिलो, गुरुवारी येतो. सोपं आहे. कोशाच्या खोलीत उभं राहाचं. कॉपी म्हणाचं. तारा-टिंब-तारा मंजे सगळं. मशीनची डिस्क सी, फ्लॉपी ए. पयले सीले, मंग ए. बस." शेवटचं स्कूटरवरून ओरडला. मी आतून ऐकलं आणि हातावर लिहून घेतलं.

१४ मे

केलं. मी केलं.

फेब्रुवारीची फ्लॉपीच घातली. तिच्यावरचं जुनं जाईल, नवं येईल. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर सी हे अक्षर, शेजारी एक कोन, आणि लुकलुकणारी रेघ. सी काहीतरी मागतो आहे आणि थांबला आहे असं वाटतं. पयले सीले. आधी सीला. द्यायचं त्याला, ए देणार. वऱ्हाडीतला ‘ले’ आता मला झोपेतही कळतो. तो कोशात पहिल्याच पानावर आहे. म्हणून आधी ए लिहिला, तारा-टिंब-तारा, आणि मग सी, ज्याला द्यायचं तो.

आधी फ्लॉपीचा लाल दिवा लागला, मग यंत्राचा. कुरकुर. एकेका फाईलचं नाव उमटत गेलं. शेवटी सगळ्या फाईली उतरल्याचं लिहून आलं. यंत्रानं काही विचारलं नाही, हरकत घेतली नाही.

मनोहररावांना सांगितलं. ते म्हणाले, "आता बंद पडलं तरी चालेल." घरी येताना आईसाठी कुल्फी आणली. दात नसतानाही खाता येते.

१६ मे

‘उ’ उघडला, एक अर्थ बदलायचा होता म्हणून. उलसाक. पुढे: "मले उलसाक दूध दे."

मी हे नीट केलं होतं.

दुसरा शब्द पाहिला. "तू कायले आला गा?" तिसरा. तोही तसाच. यंत्रानं माझी वाक्यं परत बिघडवली आहेत. यंत्राला हे कसं जमेल? मार्चपासून कोशात घातलेले नवे शब्द शोधले. नाहीत. एकही नाही.

मी बंदचं बटण दाबलं. मनोहरराव आतून म्हणाले, "वीज गेली का?" मी हो म्हटलं.

१७ मे

मनोहररावांच्या फोनवरून नको म्हणून पोस्टात जाऊन उमरेडला ट्रंक कॉल लावला. लाइन लागायला दुपार झाली. कृष्णकांतला मी काय टाइप केलं ते अक्षरशः सांगितलं.

"मॅडम, तुमी उलटं केलं."

"तुम्हीच म्हणालात, पयले सीले."

"सी ले. लेना. ले ले. पयले सी उठाव, मंग ए वर ठेव."

"मी सीले ऐकलं. सीला."

"अरे बाप्पा."

फेब्रुवारीचं जुनं उचलून मी आजच्या नव्यावर ठेवलं. तीन महिन्यांचं माझं काम त्याच्याखाली गेलं. पोस्टातला बाबू काचेतून माझ्याकडे बघत होता.

"शंकेतलं?" मी विचारलं. "आईचे शब्द?"

"तारा-टिंब-तारा केलं ना? मंजे..." लाइन तुटत होती. "आता कशालेच हात नोका लावू. मशीन चालूच नोका करू. मी येतो."

तारा-टिंब-तारा म्हणजे सगळं. ते त्यानंच सांगितलं होतं.

माझी वाक्यं मी पुन्हा करीन, रात्रंदिवस बसून करीन. आईच्या शब्दांची कार्डं नाहीत.

१८ मे

आईला म्हटलं, मागचे शब्द परत सांगशील का?

"कोनते?"

"तू सांगितलेले. मार्चपासून."

"मी कवा सांगितले? मी तं बोलत होती." मग माझ्या ताटाकडे पाहिलं. "आज बी तसंच उठली. काहून वं?"

मी "का" म्हणाले नाही.

मनोहररावांना आज सांगितलं. ‘ले’ चा घोळही सांगितला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. हसत होते. "पहिलं पान, शामलाबाई. विभक्ती प्रत्यय ले. तिथं एक टीप घाला: हिंदी बोलणाऱ्यापासून सावध."

नंतर मात्र हसू थांबलं. "मनकर्णाबाईंचे शब्द," म्हणाले आणि चष्मा परत चढवला.

१९ मे

कृष्णकांत बसस्टँडवरून थेट आला. यंत्र चालू केलं. कुरकुर ऐकून तोंड वाकडं केलं. मोठ्या खोलीतली यादी काढली: सगळ्या फाईली फेब्रुवारीच्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"मॅडम. या इकडं."

"सांगा तिथूनच."

"शंका आहे."

"कसली?"

"अहो शंका आहे! खोली आहे, सामान बी आहे. मे महिन्याची तारीख."

तारा-टिंब-तारा म्हणजे ज्या खोलीत उभं आहोत तिच्यातलं सगळं. आतल्या खोलीचं दार तो हुकूम उघडत नाही. फ्लॉपीवर शंका नव्हतीच, फेब्रुवारीत ती कुठून असणार. मग तिच्यावर काही येऊन पडलंही नाही. मोठ्या खोलीत मी जे नीट करून ठेवलं होतं ते गेलं. जे आत घ्यायला नको म्हणून बाजूला ठेवलं ते तेवढं राहिलं.

मी फाईल उघडली. आदळबोली. सोबतघास. सगळे ओळीनं.

आई म्हणाली, "ते काय दिसते?"

"तुझे शब्द."

"अन् तू कायले रडून राहिली?"

२० मे

आता फ्लॉपीवर उतरवायचं ते पुन्हा चुकणार नाही अशा रीतीनं. कृष्णकांतनं या वेळी शेजारी बसून सांगितलं. "आतल्या खोल्याईसकट पाहिजे तं दुसरा हुकूम. एक्सकॉपी. आधी कुठून, मंग कुठं, शेवटी तिरपी रेघ अन् एस."

"एस म्हणजे?"

"सब."

"हिंदीतलं?"

"हिंदी घ्या, इंग्रजी घ्या. दोन्ही चालते."

मी मोठ्यानं म्हणत टाइप केलं. सीतून. एवर. आतल्यासकट. आधी यंत्राचा दिवा लागला, मग फ्लॉपीचा. शंकेचं नाव पडद्यावर स्वतंत्र ओळीत आलं आणि वर सरकलं. कृष्णकांतनं फ्लॉपी क्लासमधल्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. फोन करून म्हणाला, "हाय. सब हाय."

दुसरी कोरी फ्लॉपीही करून घेतली. एक मनोहररावांच्या कपाटात, एक माझ्याकडे. पोळ्यांच्या डब्याखाली ठेवली तर आईनं काढली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

२३ मे

आता वाक्यं. यंत्र जायला आठवडा. तीन महिन्यांचं एका आठवड्यात होणार नाही. ‘क’ ते ‘घ’ तेवढं तरी करावं म्हणून सध्याची पानं क्लासच्या प्रिंटरवर छापून आणली. मनोहररावांनी ती ओढूनच घेतली. खिडकीपाशी भिंग घेऊन बसले. मला लाज वाटत होती. आपण घरातल्या कपड्यात असताना कुणी पाहुणा आत यावा तसं.

ते मोठ्यानं वाचू लागले. "काहून. ‘काहून आली वं एवढ्या उन्हात?’ ही भिवापूरची म्हातारी. कापूस वेचत होती." पुढचं वाक्य. "हा कळमेश्वरचा न्हावी. हा बोलायचा तेव्हा वस्तरा थांबवायचा, मग गिऱ्हाईक ओरडायचं." प्रत्येक वाक्यापाशी कुणी ना कुणी उभं होतं. आई मधेच "हो ना बाप्पा" म्हणत होती, जशी काही ती माणसं तिच्या ओळखीची आहेत.

"छान झालंय, शामलाबाई," ते म्हणाले. "जसंच्या तसं ठेवलंत."

मोठं मन आहे त्यांचं. माझं काम गेलं म्हणून समजूत घालत होते.

२७ मे

वाक्यं नीट करायला घेतली नाहीत. वेळ नाही, त्यापेक्षा मार्चपासूनचे कोशातले गेलेले नवे शब्द परत चढवणं महत्त्वाचं. त्यांची कार्डं मनोहररावांकडे आहेत. ते भिंगातून वाचून सांगतात, मी टाइप करते. ते म्हणतात तसं. मधे थांबून बदलायला गेलं की त्यांची लय तुटते.

आईचं काम अर्थ तपासणं. "टोंगया," मनोहरराव म्हणतात. गुडघा. आई स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारते. "बराबर."

३० मे

संपलं. पुन्हा दोन्ही फ्लॉपींवर उतरवलं. सीतून, एवर, आतल्यासकट.

छापखान्याचा निरोप आला: जून संपेपर्यंत पहिली पानं देऊ.

३१ मे

कृष्णकांत दुपारी हातगाडी घेऊन यंत्र न्यायला आला. घामानं निथळत होता. सकाळपासून क्लासमध्ये टेबलं लावत होता, जेवला नव्हता. आईचा डबा होता, भाकरी आणि झुणका. त्याच्यापुढे ठेवला तर लाजला.

"तुमचं झालं काय, मॅडम?"

"झालं. तुम्ही बसा. मी सोबतघास घेते."

तुकडा मोडून तोंडात घातला. आतून मनोहररावांचा आवाज आला. "कोण म्हणालं ते?"

"मी," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

मग कळलं. आई भाकरीच्या डब्यावर झाकण धरून माझ्याकडे बघत होती.

मनोहरराव भिंत धरत बाहेर आले. "मनकर्णाबाई काटोलच्या. तुम्ही?"

"मी तिचीच मुलगी. माझं धरता येणार नाही."

"कुठं राहता?"

"नागपूर. वीस वर्षं झाली."

"म्हणजे दुसरं गाव. दुसरं तोंड. कृष्णकांत, प्लग काढू नका."

"सर, बाहेर हातगाडीवाला..."

"त्यालाही भाकरी द्या."

यंत्र परत लावलं. कुरकुरलं, मग घुमलं. शंकेच्या खोलीतून सोबतघास उचलला आणि मोठ्या खोलीत ‘स’ मध्ये ठेवला. उदाहरण मनोहररावांनी सांगितलं. "तुम्ही बसा, मी सोबतघास घेते." खाली लिहायला लावलं: नागपूर.

आई खुर्चीमागे उभी होती. तिला वाचता येत नाही, पण ‘आ’ ओळखते. शंकेच्या यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"आदळबोली."

"आदळ नाही वं. आदय."

मी ळ खोडला आणि य घातला. तो शब्द अजून आतल्या खोलीतच आहे. दुसरं तोंड भेटेपर्यंत राहील.

मग शेवटचं उतरवून घेतलं, दोन्ही फ्लॉपींवर, आतल्या खोल्यांसकट. कृष्णकांतनं प्लग काढला. यंत्राला चादर गुंडाळली आणि दोघांनी ते हातगाडीवर ठेवलं. मनोहरराव फाटकापर्यंत गेले.

संध्याकाळ. घरी आलो आहोत. मले फार भूक लागली आहे. आईचं जेवण केव्हाच झालं. कवळी पेल्यात आहे. तरी तिनं दोन ताटं वाढली आहेत आणि माझं लिहून होण्याची वाट बघते आहे.